हॅना एचआय ७७२ अल्कलिनिटी चेकर: छोट्या रीफ टँकसाठी आधी हेच घ्या

नवा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायची टाकी, लावणाऱ्याकडे बहुधा पाच-सहा टेस्ट किटचा डबा असतो: पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, कॅल्शियम, केएच. यातली एकच चाचणी चांगल्या दर्जाची घ्यायची झाली तर ती अल्कलिनिटीची, म्हणजे केएचची घ्यावी, आणि त्यासाठी हॅनाचा एचआय ७७२ हा चेकर, म्हणजे रंग मोजून आकडा देणारं छोटं यंत्र, घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. याच्या अचूकतेला मर्यादा आहेत, त्या पुढे येतीलच. तरीही शिफारस करतो, कारण पाण्यातला बदल हा चेकर वेळेवर पकडतो. तीस-चाळीस लिटरच्या टँकमध्ये कोरल दगावतात ते बहुतेकदा आकडा सतत हलत राहिल्यामुळे.

अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचा साठा. कोरल सांगाडा बांधतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्यासाठी दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात उचलतो: २.८ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक) अल्कलिनिटी खर्ची पडते तेव्हा कॅल्शियम उतरतं फक्त २० पीपीएमने (दहा लाख भागांत २०). आता हिशेब बघा. ८ डीकेएचमधून २.८ गेले म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त साठा संपला. ४२० पीपीएममधून २० गेले तर पाच टक्केसुद्धा झाले नाहीत. कॅल्शियममधला एवढा फरक हौशी किटवर धड दिसतही नाही. अल्कलिनिटी मात्र आधीच बोंब मारते. म्हणून सुरुवातीला कॅल्शियम महिन्यातून एकदा मोजलं तरी चालतं, अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा मोजायलाच हवी.

समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच असते. टँकमध्ये ७ ते ९ मधला कुठलाही आकडा चालतो. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी कमी ठेवणाऱ्यांनी आठच्या फारसं वर जाऊ नये, कारण पोषण कमी आणि अल्कलिनिटी जास्त अशा पाण्यात एसपीएस, म्हणजे बारीक पॉलिपच्या टणक कोरलची टोकं पांढरी पडून जळाल्यासारखी दिसू लागतात. सोमवारी ७.२, गुरुवारी ९.१, रविवारी ७.८ असे झोके मात्र कुठल्याच कोरलला मानवत नाहीत, कणखर समजल्या जाणाऱ्या झोअँथसलासुद्धा.

यंत्र आणि चाचणी

तळहातात मावेल एवढं यंत्र, आत एक एएए सेल, सोबत काचेच्या क्युवेट (पाण्याचा नमुना घ्यायच्या छोट्या कुप्या), १ मिलिची सिरिंज आणि २५ चाचण्या होतील एवढ्या रिएजंटची बाटली. मोजण्याची कक्षा ० ते २० डीकेएच, आकडा दशांशापर्यंत. रिएजंटमध्ये आम्ल आणि रंगसूचक असतं. पाण्यात अल्कलिनिटी किती, त्यावर रंग पिवळ्याकडून हिरवट निळ्याकडे सरकतो आणि यंत्र तो रंग प्रकाश पाडून मोजतं.

क्युवेटमध्ये १० मिलि टँकचं पाणी घ्यायचं, पुसून यंत्रात ठेवायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. हे शून्याचं वाचन. पाणी मुळातच थोडं पिवळट किंवा गढूळ असेल तर तो परिणाम इथेच वजा होतो. मग क्युवेट काढून त्यात सिरिंजने बरोबर १ मिलि रिएजंट सोडायचं, टोपण लावून पाच वेळा हळूच उलटसुलट करायचं, पुन्हा पुसून आत ठेवायचं आणि बटण दाबायचं. आकडा समोर. सगळं मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत. रंग आपल्या डोळ्यांनी ठरवावा लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. टँकच्या निळ्या दिव्यांखाली उभं राहून थेंबाच्या किटचा रंग ओळखणं किती फसवं असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी तर दुसरा पर्यायच शोधू नये.

चुका होतात त्या इथे

चुकीचे आकडे बहुतांशी हातामुळे येतात, यंत्रामुळे नव्हे.

पहिली जागा सिरिंज. रिएजंट ओढताना टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला की १ मिलिऐवजी ०.९ पडतं. आम्ल कमी पडलं म्हणजे रंग जास्त निळा राहतो आणि आकडा खरा असेल त्याहून वर येतो. उपाय सोपा आहे: एकदा ओढून बाटलीतच परत सोडावं, मग सावकाश पुन्हा ओढावं, आणि दट्ट्याची खालची कड नेमकी खुणेवर आणावी. रिएजंट सोडतानाही टोक पाण्याच्या वर धरून सावकाश सोडावं आणि शेवटचा थेंब क्युवेटच्या काठाला लावून घ्यावा.

दुसरी जागा पाण्याचं माप. क्युवेटवरच्या रेघेपर्यंत अंदाजे भरलं आणि साडेनऊ मिलि आलं तर आकडा खाली येतो. पाण्याची पातळी कडांना वर चढलेली दिसते. रेघेला लागायला हवा तो तिचा मधला, सगळ्यात खालचा भाग. त्याहून बरं म्हणजे १० मिलिची वेगळी सिरिंज ठेवावी आणि पाणी तिनेच मोजावं. ही एक सवय लागली की एकाच पाण्याच्या लागोपाठ दोन चाचण्यांमधला फरक बराच कमी होतो.

तिसरी जागा काच. बोटांचे ठसे, मिठाचा पांढुरका पापुद्रा, आतल्या भिंतीला चिकटलेले बुडबुडे, हे सगळं प्रकाश अडवतं. क्युवेट जोरात हलवली की बुडबुडे होतातच, म्हणून उलटसुलट करायची ती हळूच. चष्म्याच्या कापडाने पुसावी, टिश्यूने नको, त्याचे तंतू राहतात. दोन्ही वाचनांना तीच क्युवेट वापरावी आणि ती यंत्रात त्याच बाजूने ठेवावी, १० मिलिची खूण दोन्ही वेळा आपल्याकडे. चाचणी झाली की लगेच आरओच्या पाण्याने धुवावी. रिएजंट रात्रभर आत राहिलं तर रंग काचेला धरतो आणि पुढचं शून्याचं वाचनच बिघडतं.

झाकण नीट न लावता उजेडात वाचन घेतलं तर यंत्र स्वतःच जास्त उजेडाची तक्रार करतं. आणि आकडा २०.० वर लुकलुकत असेल तर तो आकडा धरूच नका. पाणी कक्षेच्या बाहेर आहे.

अचूकता: जाहिरात आणि वस्तुस्थिती

कंपनी सांगते ती अचूकता अशी: ±०.३ डीकेएच, अधिक वाचनाच्या ±५ टक्के. ८.० दिसत असताना याचा अर्थ होतो ±०.७. खरी अल्कलिनिटी ७.३ असू शकते, ८.७ही असू शकते. दशांशातला आकडा बघून जो भरवसा वाटतो तो इथे थोडा आवरायला हवा. दुसऱ्याच्या टँकच्या ८.२ शी आपला ८.२ जुळवून काहीच सिद्ध होत नाही.

मग याचा उपयोग काय? या चुकीचा मोठा भाग तेच यंत्र, तीच बाटली आणि तोच हात असेल तर दर वेळी एकाच दिशेने आणि जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे दोन चाचण्यांमधला फरक हा आकड्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वासाचा. बुधवारी ८.१ आणि शनिवारी ७.५ आलं, तर खरे आकडे कदाचित ७.७ आणि ७.१ असतील, पण ०.६ची घसरण खरी आहे. आणि टँक सांभाळणाऱ्याला हवी असते ती हीच घसरण. तरीही ०.२ च्या फरकावर काही करू नये, तेवढं हाताच्या चुकीत जातं. ०.५ किंवा त्याहून जास्त फरक आला तर आधी चाचणी पुन्हा करावी, मगच अल्कलिनिटी वाढवणाऱ्या डोसच्या बाटलीला हात लावावा.

बाटली बदलताना मात्र जपा. जुन्या बाटलीत दोन चाचण्यांचं रिएजंट शिल्लक ठेवा आणि एकाच पाण्याची चाचणी जुन्या-नव्या दोन्हींनी करा. ०.४चा फरक आला तर तो वहीत लिहून ठेवा. नाहीतर नव्या बाटलीच्या पहिल्याच दिवशी अल्कलिनिटी उडाली किंवा कोसळली असं वाटून उगाच डोस बदलला जातो. बाटलीवरची मुदत पाहून घ्या आणि बूच घट्ट लावत जा.

यंत्र आणि रिएजंट ठीक आहेत का, हे घरीच तपासता येतं. १ लिटर आरओ पाण्यात ३० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं. या द्रावणाच्या १ मिलिमध्ये ३० मिलिग्रॅम सोडा असतो आणि तो १ लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवतो. आता बरोबर १ लिटर टँकचं पाणी वेगळं काढा, मोजा; त्यात हे द्रावण २ मिलि टाकून ढवळा, पुन्हा मोजा. फरक २.०च्या आसपास यायला हवा. १.८ ते २.२ आला तर निर्धास्त राहा. १.४ किंवा २.७ आला तर आधी सिरिंज, मग क्युवेट, मग रिएजंटवर संशय घ्या. ही तपासणी साध्या आरओ पाण्यात करू नका, कारण हे रिएजंट खाऱ्या पाण्यासाठी बसवलेलं आहे आणि गोड्या पाण्यात रंगसूचक वेगळं वागतं.

मोजायचं कधी

छोट्या टँकमध्ये हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. चाळीस लिटरच्या टँकमध्ये दगड आणि वाळू गेल्यावर खरं पाणी उरतं साधारण ३३ लिटर. त्यातलं १ लिटर दिवसभरात वाफ होऊन गेलं, की ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारता ३६च्या वर जाते आणि ८.० डीकेएच काहीही न घालता ८.२५ होतं. वाफेबरोबर फक्त पाणी जातं, क्षार मागेच राहतात. म्हणून आधी गोड्या आरओ पाण्याने खुणेपर्यंत भरायचं, अर्धा तास पाणी फिरू द्यायचं, आणि मग मोजायचं. वेळ रोज तीच, डोस द्यायच्या आधीची.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) आरओ पाण्यावर शून्य करून वापरत असाल तर तो ३५च्या आसपास चुकू शकतो. ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रवावरच तो लावून घ्या. क्षारता ३५ऐवजी ३७ असेल तर अल्कलिनिटी तेवढ्यानेच ८ची ८.४६ दिसेल, आणि तुम्ही दोष चेकरला द्याल.

वॉटर चेंजचंही तसंच. काही सॉल्ट मिक्स (टँकचं खारं पाणी बनवायची मिठं) ७-८ डीकेएचला बसतात, काही ११-१२ ला. ८च्या टँकमध्ये १२चं पाणी २० टक्के बदललं की आकडा एका झटक्यात ८.८. सॉल्टच्या डब्यावर काय छापलंय यावर न जाता बादलीतलं पाणी एकदा या चेकरवर मोजून घ्या. टँकच्या जवळचा आकडा देणारं सॉल्ट निवडलं तर निम्मे झोके तिथेच थांबतात. वर वर्णन केलेल्या कामांमध्ये चेकरचा सगळ्यात कमी दाद मिळालेला उपयोग हाच आहे, असं आम्हाला वाटतं.

आकडा हाती आल्यावर

डोस ठरवायचा तो खपावरून. तीन दिवस काहीही न घालता आधी आणि नंतर मोजा. ८.३ चं ७.४ झालं, तर खप रोज ०.३ डीकेएच. वरचंच सोड्याचं द्रावण घ्या: टँकमध्ये जितके लिटर पाणी तितके मिलि घातले की १ डीकेएच वाढतो. ३३ लिटरला ३३ मिलि, म्हणजे ०.३ साठी रोज १० मिलि. उतरलेला आकडा वर आणायचा असेल तर एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका, भले त्याला चार दिवस लागोत.

नुसत्या सोड्याने कॅल्शियम भरून निघत नाही. त्यासाठी दुसऱ्या बाटलीत १ लिटर आरओ पाण्यात २६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट विरघळवा. मग दोन्ही द्रावणं समान मिलि द्यायची, हिशेब जुळलेलाच राहतो. दोन्ही एकाच जागी लागोपाठ ओतलीत तर पांढरा ढग उठेल: कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच साकळून खाली बसतं, कोरलला काहीच मिळत नाही. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या आणि ओतायचं ते पंपाच्या प्रवाहात. मॅग्नेशियम १,३०० पीपीएमच्या आसपास असू द्या. ते फार खाली गेलं की हे साकळणं वाढतं, हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरे थर चढतात, आणि कितीही डोस दिला तरी चेकरवरचा आकडा वर येत नाही.

ट्रॉपिक मरीनचं ऑल-फॉर-रीफ हे तयार डोसचं उत्पादन वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यात कॅल्शियम फॉर्मेट असतं, आणि टँकमधले जिवाणू ते पचवतात तेव्हा कुठे अल्कलिनिटी तयार होते. त्यामुळे डोस दिल्यावर तासाभराने चेकर काहीच वाढ दाखवणार नाही. ते पाहून आणखी ओतू नका. डोस बदलल्यावर निदान चार-पाच दिवस थांबून मोजा.

चुन्याचं पाणी, म्हणजे काल्कवासर, एवढ्या छोट्या टँकला आम्ही सुचवत नाही. त्याचं संपृक्त द्रावण १ लिटर चुकून एकदम गेलं तर ३३ लिटरमध्ये अल्कलिनिटी सुमारे साडेतीन डीकेएचने उसळते आणि पीएच तिच्याही पुढे धावतो. आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राचा फ्लोट एकदा अडकला की पुरे.

काही आठवड्यांचे आकडे वहीत जमले की खरी मजा सुरू होते. खप हळूहळू वाढतोय म्हणजे कोरल वाढतायत, किंवा दगडांवर जांभळी कोरलाइन (चुनखडीचा थर बनवणारी शेवाळ) पसरतेय. तीही याच साठ्यावर वाढते. नेहमी रोज ०.३ खाणारा टँक अचानक खायचा थांबला आणि आकडा वर सरकू लागला, तर डोस कमी करा आणि त्याच दिवशी क्षारता, तापमान, नायट्रेट, फॉस्फेट तपासा, कारण कोरलने सांगाडा बांधणं थांबवलंय. रंग उडायला किंवा मांस मागे सरायला लागण्याच्या कितीतरी आधी ही खूण मिळते. पीएचच्या मागे मात्र लागू नका. खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तो रात्री ७.८ ला येतो, दुपारी ८.३ ला जातो, आणि अल्कलिनिटी स्थिर असेल तर कोरल ते सहज सोसतात.

पर्यायांशी तुलना

एपीआयच्या थेंबांच्या किटमध्ये ५ मिलि पाण्याला एक थेंब म्हणजे १ डीकेएच. अर्ध्या डीकेएचची घसरण त्यात दिसणारच नाही. पाणी १० मिलि घेतलं तर थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो. हाताशी तेच किट असेल तर निदान एवढं करा. सालिफर्टचं किट सिरिंजने मोजतं आणि ते खरोखर चांगलं आहे. काळजीपूर्वक हात आणि पांढरा उजेड असेल तर हॅनाच्या जवळपास जातं, सेल संपण्याचा प्रश्नही नाही. फक्त रंग नेमका कधी पालटला हे ठरवणं तुमच्यावर, आणि घरात दोघं जण आळीपाळीने मोजत असतील तर दोघांचे आकडे वेगळे येतात.

हॅनाचाच कॅल्शियमचा चेकर, एचआय ७५८, मात्र नवख्याने घेऊ नये. त्यात टँकचं पाणी घ्यायचं असतं अवघं ०.१ मिलि, तिथे एक थेंब इकडेतिकडे झाला की सगळं गणित बिघडतं. अचूकता वाचनाच्या ±६ टक्के, म्हणजे ४२० ला २५ पीपीएम. साडेतीन डीकेएच अल्कलिनिटी खर्ची पडल्यावर कॅल्शियम जेवढं उतरतं तेवढी तर त्याची चूकच आहे. कॅल्शियमला सालिफर्टचं साधं किट पुरतं.

एचआय ७७२ सगळ्यांनाच लागेल असं नाही. टँकमध्ये फक्त मश्रूम, झेनिया, थोडे झोअँथस असतील आणि दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदललं जात असेल, तर खप इतका कमी असतो की थेंबांच्या किटवर पंधरा दिवसांतून एकदा नजर टाकली तरी भागतं. युफायलिया, डंकन असे एलपीएस, म्हणजे मोठ्या पॉलिपचे कोरल आले की चेकर घ्या. माँटिपोरा किंवा अ‍ॅक्रोपोरा आणायचं मनात असेल तर ते आणायच्या महिनाभर आधी घ्या, म्हणजे रिकाम्या टँकचा खप किती हे आधीच कळलेलं असेल. घेताना रिएजंटची एक जास्तीची बाटली सोबत घ्या. आठवड्याला दोन चाचण्या धरल्या तर पहिली तीन महिन्यांच्या आतच संपते, आणि दुसरी यायला उशीर झाला तर बाटल्या जुळवून बघायची ती समोरासमोरची चाचणी हुकते.